चादरीखालची लेथ

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या," एवढंच त्या बोलल्या आणि मागून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. मी स्कूटर काढली, अमरावतीच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो, पण मनोहर रात्रीच गेलेला होता. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर सांगून गेले होते. मनोहर गावंडे, मूर्तिजापूरच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासूनचा माझा दोस्त, अमरावतीत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. त्याला समोरच्या खोलीत खाली ठेवलं होतं. हात छातीवर होते आणि दहाही नखांच्या कडांना गडद निळा रंग होता. माझ्या शेजारी खर्रा चोळत बसलेला त्यांचा कोणी लांबचा नातेवाईक माझ्या कानाशी लागला, "मास्तरचे नखं निळे काहून हायेत हो? काई खाल्लं-बिल्लं तं नाई ना?" त्याच्या तोंडाचा तो सुपारीचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. प्रेतासमोर बसून माणसं काय काय चघळतात! मला त्याची किळस आली, आणि ती लपवायची इच्छाही झाली नाही. मी उठून दुसऱ्या भिंतीला टेकलो.

पण त्या माणसाला शिव्या देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्याच्यापाशी निदान प्रश्न तरी होता. मी त्या घराची पायरी आठ महिन्यांनी चढलो होतो. आणि तो निळा रंग सबंध अमरावतीत कोणी नुसत्या नजरेनं ओळखायला हवा असेल तर तो मी. एकतीस वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना लेथ चालवायला शिकवलं. टर्नरचा मास्तर, वानखडे सर. लोखंडावर चढ कुठे आणि खड्डा कुठे हे बघायला जो निळा रंग फासतात, त्याचा डबा माझ्या टेबलावर कायम उघडा असे. तरी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही, कारण डोक्यात दुसरंच काही बसलं होतं. ते काय होतं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. मृतात्म्याचे गुण गाणारे लेख मीही वाचतो, पण मनोहरचे गुण माझी घाण सांगितल्याशिवाय सांगताच येत नाहीत.

मनोहरला लेथ घ्यायची होती ती एका वाफेच्या इंजिनापायी. आमच्या लहानपणी मूर्तिजापूरहून शकुंतला, ती अरुंद रुळांवरची छोटी गाडी, सुटायची तेव्हा आम्ही दोघं शाळा बुडवून फलाटाच्या टोकाला उभे राहायचो. मला त्या इंजिनाचा आवाज आवडायचा, मनोहरला त्याचे दांडे आणि चाकं. घरी येऊन तो पाटीवर ती काढायचा आणि कोणता दांडा कोणाला ढकलतो ते मला समजावून सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, गॅस शेगडीवर चालेल असं हातभर लांबीचं इंजिन स्वतः बनवायचं. विकतचा एकही भाग नाही. घराला गॅरेज होतं, त्यात गाडी कधी आलीच नव्हती. शोभावहिनींची लोणच्याची बरणी, पापडाचे डबे आणि एक मोडकी सायकल होती. ते सगळं बाहेर काढून त्यानं भिंतींना चुना दिला, एक लांब ट्यूबलाइट लावली आणि माझ्याकडे आला. "अरुण, मले लेथ पाह्यजे. तू म्हनशीन ती घेतो."

त्याच्या मनात एक नवी, लहान, टेबलावर बसणारी मशीन होती. मोबाइलवर तिचा फोटो त्यानं दाखवला. मी तो पुरता पाहिलाही नाही. "हे का मशीन हाय? खेळनं हाय!" म्हणालो. "घ्यायची तं जुनी घे. जुनं लोखंड लोणच्यासारखं मुरलेलं असते." हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं होतं की ते खरं आहे का, हे तपासायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मुरलेलं लोखंड चांगलं असतं हे खरंच. पण झिजलेलं लोखंडही मुरलेलंच दिसतं, वरून रंग मारला की.

अकोल्याला माझा एक जुना विद्यार्थी बंद पडलेल्या कारखान्यांच्या मशिनी घेऊन विकायचा. नितीन त्याचं नाव. फोन केला तर म्हणाला, "सर, तुमच्यासाठी ठेवूनच देल्ली म्हना ना एक." एका गुरुवारी मी आणि मनोहर बसनं निघालो. मूर्तिजापूरला उतरून चहा घेतला. मनोहरनं स्टेशनाच्या दिशेनं उगाच एक नजर टाकली आणि खिशातून इंजिनाच्या चाकाचं चित्र काढून मला दाखवलं. आठ आरे, मध्ये तुंबा, सगळी मापं पेन्सिलीनं लिहिलेली. "हे पहिलं करतो," म्हणाला. "चाक फिरलं म्हंजे बाकीचं जमते." चौसष्ट वर्षांचा माणूस आणि चेहरा सहावीतला. मला त्या वेळी मोठं समाधान वाटत होतं, आपण दोस्ताला त्याची वस्तू मिळवून देतो आहोत म्हणून.

नितीनच्या शेडमध्ये पाय ठेवल्याबरोबर तो सगळ्या कामगारांसमोर माझ्या पाया पडला. खुर्ची आली, शाल आली, मोठ्या ताटात मिठाई आली. "हे माहे सर. यायनं माह्या हातात हत्यार देल्लं, नाईतर मी आज हमाली करत असतो," असं त्यानं एकेकाला सांगितलं. मी नको नको म्हणत होतो आणि शाल सरळ करून घेत होतो. मग त्यानं मशीन दाखवली. साडेचार फुटी लेथ, पोपटी हिरव्या रंगानं चमचमत होती. आणि तिची पूजा झालेली होती. चकाला, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्याला, झेंडूचा हार. हेडस्टॉकवर, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीवर, कुंकवाचं स्वस्तिक. आणि बेडवर, म्हणजे ज्या दोन रुळांवर हत्यार मागेपुढे सरकतं त्या रुळांवर, चकाच्या अगदी जवळ, तांदळाची रास, सुपारी, विड्याची पानं आणि नारळ.

इथं मला माझा धडा सांगावा लागतो. जुनी लेथ घेताना काय बघायचं हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच महिन्यात शिकवायचो. कॅरेज, म्हणजे हत्यार धरून सरकणारा भाग, चकाजवळ आणायची. तिचा बोल्ट थोडा आवळायचा, इतकाच की ती जेमतेम सरकेल. मग तिला दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. सरळ गेली तर बेड चांगला. मध्येच अडली तर समजायचं की चकाजवळ बेड झिजलेला आहे, कारण रोजचं काम तिथंच होतं. दोन मिनिटं लागतात. यंत्र नको, चष्मा नको. पण त्यासाठी नितीननं मांडलेली पूजा उचलावी लागणार होती. दसऱ्याला मी स्वतः माझ्या खात्याच्या सगळ्या मशिनींना हळदकुंकू वाहिलेलं आहे. मांडलेली पूजा विसर्जनाआधी हलवायची नाही, हे आमच्या हाडात आहे. आणि पाया पडलेल्या माणसाच्या पूजेवर अविश्वास दाखवायचा कसा? ...हे मी आता लिहितो आहे. त्या वेळी मी एवढाही विचार केला नव्हता. मला शाल छान वाटत होती.

मनोहर हळूच जवळ आला. "अरुण, पाहून घे बरं एकदा नीट. मले काय समजते त्यातलं."

"पाह्यलं," मी म्हणालो.

मी काहीच पाहिलं नव्हतं. नितीननं नारळ माझ्या हातात दिला, "सर, तुमच्याच हातानं होऊ द्या." मी नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नितीननं त्याचं पाणी मशीनवर शिंपडलं. एकतीस वर्षं ज्यानं बेडवर पाण्याचा थेंब पडला म्हणून पोरांचे कान उपटले, तो मी हसत उभा होतो. सवयीनं खिशातला रुमाल काढून बेडच्या कडेचं पाणी पुसलं, तर रुमालाला हिरवा रंग लागला. ओला. म्हणजे मशीन आदल्या दिवशी रंगवली होती. हे मला तिथं, त्या क्षणी कळलं. मी रुमालाची घडी घातली, रंग आत गेला आणि तो खिशात ठेवला. तोंडात पेढा होता.

मशीन टेम्पोतून अमरावतीला आली, सात माणसांनी साखळी-पुलीवर उतरवली आणि गॅरेजमध्ये बसली. पहिला महिना मनोहरचा फोन रोज यायचा. हत्याराला धार कशी लावू, गती किती ठेवू. मग फोन कमी झाले. मी गेलो तर लेथवर चादर टाकलेली. जुनी, निळ्या फुलांची, एका बाजूला उसवलेली चादर. "आज नाई चालवत, कंबर दुखून राह्यली," मनोहर म्हणायचा आणि मला ओट्यावर घेऊन यायचा. शोभावहिनी चहा आणायच्या. पुढच्या वेळी लाइट गेलेली असायची, त्याच्या पुढच्या वेळी पट्टा तुटलेला. पण चादर तीच. मी एकदा थट्टा केली, "काय बे, लेथ हाय का नवी नवरी? तोंडच दाखवत नाई!" मनोहर हसला, पण हसणं ओठांतच राहिलं. "मस्त चालते रे मशीन," म्हणाला. "तुह्यं लोखंड हाय, त्याले काय होते."

मग एक दिवस मी फोन न करता गेलो. गॅरेजचं दार लोटलेलं होतं आणि आतून एक म्हातारा बाहेर येत होता. डोक्याला टोपी, हातात लोखंडाची लांब पट्टी कापडात गुंडाळलेली. मनोहरनं ओळख करून दिली, "हे हबीब मिस्त्री, आपल्या मूर्तिजापूरचे. फिटर होते." मिस्त्रींनी सलाम केला आणि निघून गेले. मनोहरनं त्यांच्या पाठोपाठ दार ओढून घेतलं आणि मला म्हणाला, "चाल, ओट्यावर बसू."

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, मशीन मी निवडली, नारळ मी फोडला, आणि आता हा एका फिटरला आत नेतो आणि मला, टर्नरच्या मास्तरला, ओट्यावरचा चहा! माझ्याकडून काम झालं, आता मी कोण? त्या दिवशी मी चहा अर्धा ठेवला. "तुले दुसरा मास्तर भेटला दिसते," म्हणालो. मनोहर काहीतरी बोलणार होता. त्याचं तोंड उघडलंही होतं... पण मी चप्पल घातली. त्यानंतर आठ महिने मी गेलो नाही. त्याचे फोन आले, मी दोनचार शब्दांत उरकले. रुसवा म्हणजे पोरकट गोष्ट, असं लोक म्हणतात. पोरं तरी संध्याकाळपर्यंत विसरतात.

मधे एकदाच गाठ पडली. उन्हाळ्यात, गिला वड्याच्या गाडीवर. तो द्रोण धरून उभा होता आणि त्याच्या बोटांना निळे डाग होते. मी म्हणालो, "मास्तर, रिटायर झाले तरी शाई सुटली नाई वाटते." तो बोटांकडे बघून हसला. "पेपर तपासून राह्यलो," म्हणाला. "एकच पेपर हाय, पन लय चुका हायेत. आता थोड्याच राह्यल्या." मला वाटलं मास्तर टोमणा मारतो आहे. मी माझा वडा संपवला आणि स्कूटरला किक मारली. त्याला जिवंत पाहिलं ते शेवटचं.

तेरवीच्या दिवशी नितीन आला. अकोल्याहून, स्वतःच्या गाडीनं, माणसाएवढा हार घेऊन. फोटोला हार घातला, डोळे पुसले, शोभावहिनींच्या पाया पडला आणि माझ्याही. मग जेवणाची पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, वहिनीले त्या मशीनचं काय काम आता? मीच वापस नेतो. तुमी बोला, तुमचा शब्द थे मोडनार नाईत." भाताचं शीत अजून त्याच्या ओठाला चिकटलेलं होतं. मी वहिनींकडे गेलो. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदराच्या गाठीची किल्ली सोडून दिली. "मले काय समजते, भाऊजी. तुमी पाहून घ्या नीट. मंग सांगा." मनोहरचेच शब्द. मुद्दाम म्हणाल्या की सहज, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

गॅरेज उघडलं. चादर तशीच होती. नितीननं ती धरून ओढली, आणि वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्यानं बेडवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "सर," तो म्हणाला, "याचा बेड कोनं बनवला?"

"बनवला म्हंजे?"

"याचा बेड तं..." तो थांबला. पण शब्द निघून गेला होता. मी पुढे झालो. बेडवर चकापासून टोकापर्यंत चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकात एक. हातानं खरवडून लोखंड सपाट केल्याच्या खुणा. निळा रंग फासायचा, वर सरळ पट्टी घासायची, जिथं चढ असेल तिथला रंग पुसला जातो, तेवढाच केसाएवढा थर हत्यारानं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. साडेचार फूट. जवान फिटरही याला हात जोडतो. हबीब मिस्त्रींच्या हातातली ती कापडात गुंडाळलेली पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली, मग गाडीवरची निळी बोटं, मग छातीवर ठेवलेले हात.

"बेड तं काय, नितीन?" मी विचारलं. "पुरं बोल."

तो उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याचं काही नव्हतं, खरोखरच गोंधळ होता. "सर, चकाजवळ झिजून बसलेलाच होता ना थो. तुमाले तं समजलंच असंल तवा. तुमी रुमालानं पुसलं, रंग पाह्यला, अन् काई बोलले नाईत. मले वाटलं, सरायले मंजूर हाय. दोस्ताचं मन मोडाचं नाई, नाईतर सरायचा काई हिशोब असंल." मग जरा लाडात येऊन म्हणाला, "तुमचीच तं टेस्ट हाय, कॅरेज आवळून पाहाची. मी आजपन मशीन घेतो तवा थेच करतो पहिले."

घेताना तो माझी परीक्षा वापरत होता, आणि विकताना नारळ. माझा सर्वांत हुशार विद्यार्थी! मला त्याच्या हाराची, शालीची, त्या पोपटी हिरव्या रंगाची, ओठावरच्या भाताची शिसारी आली. पण शिसारी त्याच्यावर थांबेना. त्याला मी लबाड वाटलो होतो, आणि मी तर लबाडही नव्हतो. मी शालीला भाळलेला मूर्ख होतो. दोन्हींत जास्त घाणेरडं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "नितीन, निघ," म्हणालो. तो पाया पडायला वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले.

तो गेल्यावर मी एकटा उभा होतो. भिंतीवरच्या फळीवर लोखंडाच्या गोल कांड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, वीतभर लांबीच्या, वीस-बावीस तरी असतील. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली. मनोहर बेड थोडा खरवडायचा, मग मशीनवर एक कांडी कातून बघायचा, दोन्ही टोकांना सारखी उतरते का. पहिल्या चिठ्ठीवर त्याच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, "फरक तेरा शतांश", आणि लाल पेनानं मोठी फुली. पुढे अकरा, फुली. नऊ, फुली. मधे एकदा फरक वाढलेला, तिथं दोन फुल्या आणि "घाई केली". मग सहा, चार, तीन. शेवटच्या कांडीवर फरक काहीच नव्हता आणि लाल पेनाची बरोबरची खूण होती. उत्तरपत्रिका तपासावी तशी त्यानं माझी चूक तपासली होती, दोन वर्षांहून अधिक, मिलिमीटरच्या एकेका शतांशानं.

चकात एक पितळी चाक धरलेलं होतं. आठ आरे, मध्ये तुंबा. एका बाजूची कड कातून झालेली, दुसरी तशीच. इंजिनाचं एवढंच झालं होतं. बाकी सगळा वेळ माझ्या नारळानं खाल्ला.

मी चाकाला हात लावला नाही. लेथवरचं काम एकदा चकातून काढलं की ते पुन्हा तसंच मध्यावर बसत नाही, हेही मी शिकवायचो. कॅरेज चकाजवळ आणली, बोल्ट आवळला, हात ठेवला आणि दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेली. दोन मिनिटं. कुठेही अडली नाही. तुपातून सुरी जावी तशी गेली. मागे वळलो तर शोभावहिनी दारात उभ्या होत्या.

"चांगली हाय का, भाऊजी?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "पण मी घेऊन दिली तेव्हा नव्हती, वहिनी. मी पाहिली नव्हती. त्याला खोटं सांगितलं."

"मले ठावं हाय," त्या म्हणाल्या. त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. "पहिल्याच महिन्यात समजलं त्याईले. मी म्हटलं, भाऊजीले बोलवा, वापस करा त्या पोराले. तं म्हने, अरुणनं सगळ्यायसमोर नारळ फोडला, थो काय तोंड घेऊन जाईन तिकडं? अन् त्याले समजलं, तं थो पुन्हा मशीनले हात नाई लावनार. तुमच्या स्कूटरचा आवाज आला का धावत जात अन् चादर टाकत. एकदा तं घाईत गुडघा फोडून घेतला. तुमी इकडं याचं बंद केलं तवा लय वाईट वाटलं त्याईले. पन म्हने, होऊ दे पुरं. या दसऱ्याले बोलावतो, चादर काढून ठेवतो, अन् मंग सांगतो का पाह्य, तुह्यं लोखंड चांगलंच होतं."

ज्याच्याबद्दल मी आठ महिने घरीदारी बोलत होतो की मास्तर आपमतलबी निघाला, तो चादर टाकायला धावत होता. माझी अब्रू झाकायला. आणि मी ओट्यावर बसून त्याच्या घरचा चहा अर्धा ठेवत होतो. नितीनबद्दल वाटलेली किळस आता उतरली आहे. असे नितीन शेडशेडला असतात, आणि त्यांना आमच्यासारखेच मास्तर घडवतात. स्वतःची मात्र उतरत नाही. सकाळी दाढी करताना आरशात दिसतो तो माणूस शाल पांघरलेला असतो. तो रुमाल कपाटात तळाशी सापडला, घडीतला हिरवा रंग कडक झालेला. फेकून द्यावा असं वाटलं. फेकला नाही.

लेथ विकलेली नाही. वहिनींनी विचारलं, मी नाही म्हणालो, आणि या वेळी पाहून म्हणालो. खांडेनवमीला त्यांचा फोन आला. "यंदा आमच्या घरी सन नाई. हळदकुंकू नाई, नारळ नाई. पन मशीनले तेल तं देता येते ना, भाऊजी? पावसाची हवा हाय, गंजून जाईन." मी गेलो. बेडला तेल दिलं, कपड्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं, बोटाला त्या चंद्रकोरी एकेक लागत होत्या. चाक चकात आहे तसंच आहे. हबीब मिस्त्रींना मूर्तिजापूरला जाऊन भेटायचं आहे, त्यांची माफी मागायची आहे. आणि ते शिकवतील तर खरवडायला शिकायचं आहे. मी कधी हातानं बेड केलेला नाही, फक्त फळ्यावर शिकवला.

तेव्हापासून दर गुरुवारी जातो. चहा आता गॅरेजमध्येच येतो, स्टुलावर. गल्लीच्या वळणावर मी स्कूटरचा वेग कमी करतो आणि मला गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज येतो. माझ्या स्कूटरचा आवाज आला की शोभावहिनी आत जातात आणि चादर काढून ठेवतात.